स्कूल बस वस्तीच्या बाहेरच का थांबते?

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. उत्तर नागपुरातल्या ज्या वस्तीत मी काम करते, तिथं त्या आठवड्यापासून सकाळी साडेसहाला एक दृश्य रोज दिसतं. हमरस्त्याच्या कडेला आठ-दहा पोरं दप्तरं पाठीवर घेऊन उभी असतात. फूटपाथ नाही. मागं उघडी नाली, पुढं ट्रक आणि डंपर. दोन-तीन आया पोरांचे हात धरून उभ्या असतात, बाकीच्या आया तोपर्यंत कामावर निघून गेलेल्या असतात. पिवळी बस येते, अर्धी रस्त्यावरच थांबते, पोरं चढतात, बस निघते. हीच बस पुढं अर्ध्या किलोमीटरवर एका अपार्टमेंटच्या आवारात वळते. तिथं वॉचमन फाटक उघडतो, बस आत जाते आणि मुलं लिफ्टमधून उतरून थेट बसच्या पायरीवर पाय ठेवतात.

बस एकच, शाळा एकच, भाडंही जवळपास एकच. फरक फक्त थांब्याचा.

मागच्या वर्षी याच थांब्यावर दुसरीतला एक मुलगा जखमी झाला. दुपारी परत येताना बस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबते. मुलगा उतरला आणि घराकडे यायला बसच्या पुढून धावला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं थांबलेल्या बसला उजवीकडून ओव्हरटेक केलं. त्याला मुलगा दिसला नाही, मुलाला गाडी दिसली नाही. मुलाचा पाय मोडला. बसमध्ये मदतनीस नव्हता, म्हणून उतरलेल्या पोराला रस्ता ओलांडून द्यायला कोणी नव्हतं. शाळेत गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "घटना बसच्या बाहेर घडली आहे, आमची जबाबदारी नाही." ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, वस्तीत गाडी वळत नाही." पोलिसांनी मोटारसायकलवाल्यावर गुन्हा नोंदवला आणि त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते. त्यातल्या दोन घरांचा पगार बसच्या भाड्यात जातो. तिनं मला एवढंच विचारलं, "ताई, बस आत आली असती तर?"

या लेखात शाळेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे वाचलं आणि जे समजलं, ते तुमच्यापुढं ठेवते आहे.

चाळीसगावचा टांगा

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेलं आहे. त्यातला लहानपणीचा गोरेगावचा प्रवास सगळ्यांना आठवतो. मुलं वडिलांकडे निघालेली, स्टेशनवर उतरलेली, खिशात पैसे असलेली. पण जात कळल्यावर बैलगाडीवाला गाडी हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानानं सोबत पायी चालायचं असं ठरलं.

त्याच पुस्तकात १९२९ मधला चाळीसगावचा प्रसंग आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारनं नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. खानदेशातल्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाडा स्टेशनपासून दोनेक मैल दूर, मध्ये नदी. एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. समोर बॅरिस्टर आहे, सरकारी समितीचा सदस्य आहे, याचा काही उपयोग झाला नाही. पाहुण्यानं पायी यावं हे वस्तीतल्या लोकांना पटेना. त्यांनी तोडगा काढला. टांगा भाड्यानं घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्यानं कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. बाबासाहेबांच्या पायाचं हाड मोडलं.

आपण हा प्रसंग अपमानाची कथा म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण ती एका रस्ते अपघाताची हकिकतही आहे. आजच्या पंचनाम्यात त्याचं कारण 'चालकाचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं असतं. कागदावर ते खोटंही ठरलं नसतं, कारण टांगा त्यानंच हाकला होता. पण हाकता न येणारा माणूस त्या जागेवर का बसला, हा प्रश्न पंचनाम्यात येत नाही. ज्यांना हाकता येत होतं त्यांनी नकार दिला, म्हणून ही वेळ आली होती.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. ज्या लोकांनी प्रेमापोटी हे केलं, त्यांच्याबद्दलही बाबासाहेबांनी तिथं एक शेरा मारला आहे. प्रवाशाची प्रतिष्ठा राखण्यापेक्षा त्याचा जीव सुरक्षित राहणं महत्त्वाचं असतं, हे ते विसरले असावेत, अशा अर्थाचा. हाड मोडून घेतलेला माणूस आपल्याच लोकांना हे प्रेमानं सांगतो आहे. आपल्या चळवळीनं हा शेरा पुरेसा ऐकलेला नाही, असं मला वाटतं. त्याकडे मी शेवटी येते.

नियम आहेत, मुलं नियमांच्या बाहेर आहेत

स्कूल बस पिवळी का असते, तिच्या खिडक्यांना आडवे गज का असतात, हे नियम कुठून आले? १८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून खच्चून भरलेली शाळेची बस यमुनेत कोसळली. २८ मुलं गेली. दिल्लीच्या वाहतुकीबद्दलचा एम. सी. मेहता खटला तेव्हा सर्वोच्च न्यायालयात सुरूच होता. न्यायालयानं त्या आणि पुढच्या महिन्यात आदेश दिले. बसचा रंग पिवळा, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, दाराला पक्कं कुलूप, बसवर शाळेचं नाव आणि फोन नंबर, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला ड्रायव्हर, सोबत प्रशिक्षित मदतनीस. आज जे नियम आपल्याला साधे वाटतात, ते त्या २८ मुलांच्या मृत्यूनंतर आले.

महाराष्ट्रानं २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. त्यातली एक तरतूद प्रत्येक कार्यकर्त्यानं पाठ करावी अशी आहे. प्रत्येक शाळेत 'शालेय परिवहन समिती' असली पाहिजे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण विभाग, स्थानिक स्वराज्य संस्था आणि बस कंत्राटदार यांचे प्रतिनिधी तिचे सदस्य. मुलांची सुरक्षित ने-आण ही या समितीची जबाबदारी, आणि बसचं भाडं व थांबे हेही तिच्याच कामाचा भाग.

थांबे! म्हणजे बस वस्तीत येणार की हमरस्त्यावर थांबणार, हे ड्रायव्हरनं किंवा कंत्राटदारानं परस्पर ठरवायचं नाही. त्यासाठी नियमानं नेमलेली समिती आहे आणि तिच्यात पालकांची खुर्ची आहे. आमच्या त्या शाळेत विचारल्यावर समितीच्या सदस्यांची नावं लिहिलेला एक कागद मिळाला. त्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे कोणालाच सांगता आलं नाही. पालक प्रतिनिधी म्हणून ज्यांचं नाव होतं, ते त्याच अपार्टमेंटमध्ये राहणारे. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या मुलांचा थांबा सुरक्षित आहे, मग त्यांनी दुसऱ्या थांब्याचा विचार कशासाठी करावा? ज्याच्या पायाखाली काटा नाही, तो काट्याची तक्रार करत नाही. म्हणूनच बाबासाहेब आयुष्यभर प्रतिनिधित्वासाठी भांडले.

नियम असूनही काय होतं, हे एप्रिल २०२४ मध्ये हरियाणातल्या महेंद्रगड जिल्ह्यात दिसलं. ईदची सुट्टी असताना शाळा सुरू होती. बस उलटली आणि सहा मुलं गेली. ड्रायव्हर दारू प्यायलेला होता, असं तपासात पुढं आलं. बसचं फिटनेस प्रमाणपत्र २०१८ मध्येच संपलेलं होतं. म्हणजे सहा वर्षं ती बस मुलांना घेऊन रस्त्यावर फिरत होती आणि कोणीही तिला थांबवलं नाही.

पण मी म्हणते, ही झाली नियमांच्या आतल्या मुलांची गोष्ट. नियमांच्या बाहेर असलेल्या मुलांचं काय?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी शाळेत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी आहेत. शासन अशा प्रत्येक मुलामागं शाळेला वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती ठरवतं. त्यात बसचं भाडं धरलेलं नाही. म्हणजे आपल्या मुलाला वर्गात बसण्याचा हक्क मिळाला, वर्गापर्यंत पोचण्याचा नाही. ज्या घराला बसचं भाडं परवडतं, ते पोट मारून भरतं. ज्याला परवडत नाही, ते ऑटो लावतं. ऑटोचा परवाना तीन प्रवाशांचा असतो आणि आमच्या चौकातून सकाळी निघणाऱ्या ऑटोत मी अकरा पोरं मोजलेली आहेत. दोन ड्रायव्हरच्या शेजारी, दप्तरं बाहेर लटकलेली. आणि ज्याला ऑटोही परवडत नाही, ते पोर पायी जातं, नाहीतर दुसऱ्या वर्षी शाळाच सोडतं. मग गळतीची आकडेवारी निघते आणि त्यावर परिसंवाद होतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून असं ठरवलं, की सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला २५ टक्के प्रवेशातून सूट. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. ही लढाई आपण जिंकलो. पण गंमत बघा. आपल्या मुलांना खासगी शाळेतून बाहेर ठेवायचं असतं तेव्हा शासनाला एक किलोमीटरची आठवण येते. गावातली शाळा बंद करायची असते तेव्हा तेच एक किलोमीटर विसरलं जातं.

शाळा लांब गेली, मग मूल कसं जाणार?

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागानं कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्यासाठी प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या राज्यातल्या जवळपास १५ हजार शाळांची यादी तेव्हा चर्चेत होती. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचा आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचा दाखला दिला गेला. मोठी शाळा, विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, हे सगळं मुलांना मिळणार, असा दावा होता.

चांगली शाळा कोणाला नको? पण महाराष्ट्राच्या शिक्षण हक्क नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलासाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत हवी. छोट्या पटाच्या शाळा कुठं आहेत? पाड्यांवर, तांड्यांवर, डोंगरातल्या वाड्यांवर, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांवर. ही शाळा उठली, की सहा वर्षांच्या लेकराचा रोजचा प्रवास सुरू होतो. त्या प्रवासासाठी समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्ता आहे, मुलामागं वर्षाला जास्तीत जास्त ६,००० रुपये. दहा महिन्यांवर भागा. महिन्याला सहाशे. पण सहाशे रुपये हातात आले म्हणून पाड्यावर बस येत नाही. काळीपिवळी येते, टपावर माणसं घेऊन. किंवा तीही येत नाही.

सुरक्षित प्रवासाची सोय नसताना शाळा लांब नेणं म्हणजे मुलीला शाळेतून काढणं. मुलाला निदान कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसवतात. मुलीला कोणासोबत पाठवायचं, हा प्रश्न आई-बाप विचारतात आणि तो चुकीचा नाही. १८४८ मध्ये पुण्यात सावित्रीमाईंवर शेण आणि दगड फेकले गेले ते शाळेच्या रस्त्यावर. मुलींचं शिक्षण अडवणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं, की शाळा बंद पाडायची असेल तर रस्ता अडवावा.

रस्ता मोकळा कसा होतो, त्याचं उदाहरणही याच महाराष्ट्रात आहे. एसटीत पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस धावतात. माझ्या ओळखीच्या कित्येक मुली या निळ्या बसमुळं दहावीच्या पुढं गेल्या. आज त्यांच्यातली कोणी नर्स आहे, कोणी पोलीस भरतीची तयारी करते आहे. २०२१ च्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला आणि कित्येक महिने बस बंद राहिल्या, तेव्हा खेड्यापाड्यातल्या मुलींच्या शाळेचं काय झालं, ते गावात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. सार्वजनिक बस ही गरिबाच्या लेकीची स्कूल बस आहे. एसटी मोडीत निघाली, तर त्या लेकीचं शिक्षणही मोडीत निघेल.

ऑटोवाला शत्रू नाही

अपघात झाला, की चार दिवस मोहीम निघते. आरटीओ आणि वाहतूक पोलीस शाळेबाहेर उभे राहतात, ऑटोंवर दंड होतो, फोटो छापून येतात. पाचव्या दिवशी सगळं पहिल्यासारखं.

हा ऑटोवाला कोण आहे? बहुतेक वेळा तो आपल्याच वस्तीतला. आपला नाहीतर मुस्लीम भाऊ. गाडी कर्जाची, हप्ता थकलेला. अकरा पोरं घेतल्याशिवाय महिन्याचा हिशोब बसत नाही आणि प्रत्येकी जास्त पैसे मागितले तर आया देऊ शकत नाहीत. स्कूल बसचा ड्रायव्हरही कंत्राटी. पहाटे पाचला निघतो, सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही पाळ्यांच्या फेऱ्या मारतो, मधल्या वेळात दुसरी गाडी चालवतो. मदतनीस ठेवायचा नाही, कारण त्याचा पगार वाचतो. थकलेला ड्रायव्हर आणि मदतनीस नसलेली बस, हा कंत्राटदाराचा नफा आहे. मूल जखमी झाल्यावर तुरुंगात मात्र ड्रायव्हर जातो. म्हणून अकरा पोरं कोंबणं चुकीचं आहे हे ऑटोवाल्याला तोंडावर सांगायचं, पण त्याला एकट्याला आरोपी करून घरी जायचं नाही.

आता रस्त्यावरच्या बाकीच्या गाडीवाल्यांबद्दल. त्यात आपणही आलो. आपल्या पोरांच्या हातातही बुलेट आहे आणि तिचा आवाज वस्तीभर ऐकू येतो. मुलाला सर्वांत मोठा धोका बस धावत असताना नसतो. तो चढताना आणि उतरताना असतो. बसच्या अगदी पुढं उभं असलेलं लहान मूल ड्रायव्हरला त्याच्या उंच सीटवरून दिसत नाही. आणि बसच्या आडून बाहेर येणारं मूल ओव्हरटेक करणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. अमेरिकेत स्कूल बस थांबली, की तिचे लाल दिवे लुकलुकायला लागतात, बाजूनं थांबण्याची पाटी बाहेर येते आणि मागच्या गाड्यांना थांबावंच लागतं. दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर समोरच्यांनाही. पोरं पलीकडे पोचेपर्यंत सगळी वाहतूक उभी. आपल्याकडे बस थांबली, की मागचे हॉर्न वाजवतात.

तेव्हा गाडी चालवणाऱ्या प्रत्येक भावाबहिणीला एक विनंती. पिवळी बस किंवा पोरांनी भरलेला ऑटो थांबलेला दिसला, तर ओव्हरटेक करू नका. अर्धा मिनिट थांबा. त्या बसच्या पुढून एक मूल धावत येणार आहे असं धरूनच चाला.

आई-बापांनीही पोराला एक गोष्ट रोज सांगावी. उतरलं की जागेवर थांबायचं, बस निघून जाऊ द्यायची, रस्ता दोन्ही बाजूंना दिसला की मगच ओलांडायचा. हे सांगून सगळं सुटणार नाही. सात वर्षांच्या पोरावर रस्त्याची जबाबदारी टाकणारी व्यवस्थाच चुकीची आहे. पण व्यवस्था बदलेपर्यंत पोर जिवंत राहिलं पाहिजे.

एका बससाठी सुरू झालेली लढाई

'बस थांबा' हा चळवळीचा प्रश्न कसा, असं एका तरुण कार्यकर्त्यानं मला विचारलं होतं. त्याला मी क्लॅरेंडनची गोष्ट सांगितली.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात क्लॅरेंडन नावाचा परगणा आहे. १९४७ च्या सुमारास तिथं गोऱ्या मुलांसाठी ३० स्कूल बस होत्या. काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. काळी पोरं मैलोनमैल चालत शाळेत जायची. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली. ती सारखी बंद पडायची. त्यांनी शाळा मंडळाकडे मागणी केली. उत्तर मिळालं, की तुम्ही कर फारसा भरत नाही, गोऱ्यांच्या करातून तुम्हाला बस का द्यायची? लेव्हाय पिअर्सन नावाच्या शेतकऱ्यानं, तीन मुलांच्या बापानं, कोर्टात दावा लावला. दावा तांत्रिक मुद्द्यावर बाद झाला. पण लोक मागं हटले नाहीत. रेव्हरंड जोसेफ डीलेन यांनी माणसं जोडली. वकील थर्गूड मार्शल यांनी बाजू घेतली. मागणी एका बसवरून सगळ्या शिक्षणातल्या समतेवर गेली. हॅरी ब्रिग्ज आणि इतर पालकांनी सह्या केल्या. ब्रिग्ज नवरा-बायको दोघांचीही नोकरी गेली. डीलेन यांचं घर जळालं.

'ब्रिग्ज विरुद्ध एलियट' हा खटला पुढं 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्यांच्या गटात गेला. १७ मे १९५४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं. ज्या निकालानं अमेरिका हलली, त्यातल्या एका खटल्याची सुरुवात 'आमच्या पोरांना बस द्या' या मागणीनं झाली होती.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. दोन्हीकडच्या माणसांचं दुःख किती सारखं आहे, हे त्यांना माहीत होतं. पँथर हे नाव आपण तिकडूनच घेतलं. मग त्यांची चिकाटीही घेऊ या. आकाशाएवढी मागणी घोषणेत असते, पण लढाई हाताला लागेल अशा मागणीपासून सुरू होते.

आता आपलं आपल्याशी

चाळीसगावच्या त्या शेऱ्याकडे येते. आपल्या लोकांनी बाबासाहेबांची प्रतिष्ठा राखली आणि त्यांचा जीव धोक्यात घातला. मनात प्रेमच होतं. आजही आपलं तेच होत नाही ना?

"वस्तीत गाडी वळत नाही" हे उत्तर आपण किती सहज मान्य करतो! १४ एप्रिलला डीजेचा ट्रक त्याच गल्लीत वळतो. निवडणुकीत नेत्याची उघडी जीप वळते. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर उलटा आत येतो. मग ३२ सीटची बस का वळत नाही? मी स्वतः टेप घेऊन आमचा मुख्य रस्ता मोजला. टँकर येतो तिथपर्यंत बस आरामात येते. अडचण दोन टपऱ्यांची आणि एका विजेच्या खांबाची होती. आणि खरं सांगायचं, तर कोणी मागितलंच नव्हतं, ही सर्वांत मोठी अडचण.

कमानीसाठी आपण सहाशे सह्या गोळा केल्या होत्या. मी स्वतः दारोदार फिरले होते. कमान हवीच, ती आपल्या अस्तित्वाची खूण आहे. पण त्या कमानीखालून आपल्या पोरांची बस आत येत नसेल, तर आपण प्रतिष्ठा राखली आणि सुरक्षितता विसरलो.

पोराच्या अपघातानंतर आम्ही काय केलं, ते थोडक्यात सांगते, कारण ते कुठल्याही वस्तीत करता येतं. माहिती अधिकारात शिक्षण विभाग आणि आरटीओकडून शाळेच्या परिवहन समितीची सदस्य यादी, बैठकांची इतिवृत्तं आणि बसची फिटनेस प्रमाणपत्रं मागितली. खासगी शाळा माहिती देत नाही, पण ही कागदपत्रं सरकारी कार्यालयांतून मागता येतात. वस्तीतल्या आयांची बैठक बुद्धविहारात घेतली. त्यांच्यातली एक आई समितीवर जाईल, असा लेखी अर्ज शाळेला दिला. टपरीवाल्यांशी बोललो, त्यांनी दोन-दोन फूट मागं सरकायचं कबूल केलं. खांबासाठी महावितरणला आणि झेब्रा क्रॉसिंग व गतिरोधकासाठी महापालिकेला अर्ज केले. त्या अर्जात मोटार वाहन कायद्यातलं २०१९ चं कलम १९८-अ लिहिलं. रस्त्याच्या सदोष रचनेमुळं किंवा देखभालीमुळं जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम वाचलं, की अर्जाकडे बघण्याची साहेबाची नजर बदलते.

सगळं मिळालं नाही. खांब अजून तिथंच आहे. पण बसमध्ये मदतनीस बाई आली आहे. परतीच्या फेरीत बस पुढच्या चौकातून वळून वस्तीच्या बाजूला थांबते. पोरांना आता रस्ता ओलांडावा लागत नाही. आमची आई समितीच्या पहिल्या बैठकीला गेली तेव्हा तिला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. दुसऱ्या बैठकीत तिनं थांब्यांची यादी वाचायला मागितली.

मागण्या मोठ्याही आहेत आणि त्या आपण राज्यभर लावून धरल्या पाहिजेत. २५ टक्क्यांतल्या मुलांच्या प्रतिपूर्तीत बसचं भाडं आलं पाहिजे. सुरक्षित बस दारात आल्याशिवाय एकही छोटी शाळा बंद होता कामा नये. मानव विकासच्या निळ्या बस प्रत्येक तालुक्यात आल्या पाहिजेत. परिवहन समितीत वस्तीतल्या पालकाची जागा, त्यातही आईची, राखीव असली पाहिजे. स्कूल बसच्या ड्रायव्हरला आणि मदतनिसाला किमान वेतन आणि कामाचे ठरलेले तास मिळाले पाहिजेत.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातला पहिला शब्द 'शिका' आहे. शिकण्यासाठी मुलानं रोज सकाळी धडधाकट शाळेत पोचावं लागतं आणि दुपारी धडधाकट घरी यावं लागतं. संविधानाचं कलम २१ जगण्याचा हक्क देतं, २१-अ शिक्षणाचा. वस्तीतल्या मुलासाठी हे दोन्ही हक्क त्या रस्त्याच्या कडेच्या थांब्यावर एकत्र येतात.

तुमच्या वस्तीतली पोरं कुठं उभी राहतात, ते उद्या सकाळी साडेसहाला जाऊन बघा. टेप सोबत न्या.

जय भीम.